मिटलेलं रान

पाठीमागे लोक तिला करवत म्हणत आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तोंडावर मात्र ती सगळ्यांची आक्का. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा आक्का म्हणूनच हाक मारत, कारण तिच्याशी बोलताना वय मदतीला येत नाही हे प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलं होतं. टोपणनाव तिला आवडायचं. "करवत निदान एका दिशेने कापते," ती म्हणायची, "कात्रीसारखं दोन्हीकडून बोलत नाही."

रुग्णालयाच्या तळघरात, जिथे खिडक्या छताला टेकलेल्या होत्या आणि त्यांतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत, तिथल्या लाँड्रीत तिने उभं आयुष्य काढलं. मोठी गोल यंत्रं चादरी घुसळत. त्यांचे ओले पिळे बाहेर ओढायचे, झटकायचे आणि तापलेल्या रुळांमध्ये सरकवायचे, हे काम तिचं आणि समोर उभ्या राहणाऱ्या इस्त्रीवालीचं. दोघी चादरीची टोकं धरत, ताणत, घडी घालत आणि हात चालू असताना जगाची सालं काढत. यंत्रांच्या गोंगाटात ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे, त्यामुळे आक्काचा आवाज घरीदारीही तसाच राहिला. इस्त्रीवाली म्हणायची, "तू हळू बोललीस की मला वाटतं, तुला ताप आलाय."

तिच्या रागाला मात्र एक नक्की पत्ता होता. लाँड्रीच्या मागच्या दारातून बाहेर पडून मान वर केली की जो डोंगर दिसे, तो तिच्या लोकांचा. तिच्या आईचा जन्म त्याच उतारावरचा. पुढे जंगल राखीव झालं, माणसं खाली आणली गेली आणि शहराच्या कडेला, एकीला एक चिकटलेल्या खोल्यांच्या ओळीत त्यांची सोय लावण्यात आली. माणसं हलवली हा एक अन्याय. पण त्यांच्या हातातली आग काढून घेतली हा त्याहून मोठा, असं आक्काचं मत होतं आणि ते तिने कुणापासून लपवलं नव्हतं. हे लोक थंडीच्या अखेरीस, जमीन अजून ओलसर असताना, डोंगर तुकड्यातुकड्याने जाळत. घोट्याएवढी, माणसाच्या चालीने सरकणारी आग. तिच्यापुढून ससासुद्धा न उधळता, सावकाश निघून जाई. ही थंड आग पाचोळा खाई आणि झाडांना हात लावत नसे. वनखात्याने ती गुन्हा ठरवली. मग पाचोळा साठत गेला, वाळलेल्या फांद्या एकमेकींवर पडत गेल्या, आणि आक्का तरुणपणापासून ओरडत राहिली की हे जंगल राखणं नव्हे, हे सरण रचणं आहे.

वणवा आला तो असा आला की शहराची वरची गल्ली त्याने गिळली आणि रुग्णालयाच्या चादरींना कितीही धुतलं तरी धुराचा वास जाईना. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य म्हणायची वेळ अखेर आली, तेव्हा आक्काच्या लक्षात आलं की त्या वाक्याला चव नसते. ती ते म्हणालीच नाही. त्याऐवजी तिने लाँड्रीतली एक लोखंडी बादली भिंतीवर फेकली, आणि बादलीला पडलेला पोचा पुढे कुणी सरळ केला नाही.

वणव्यानंतर वनखात्याला अचानक या लोकांची आठवण झाली. खात्याचे मोठे साहेब मृदू आवाजाचे, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांना कधी राग येत नसे, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येई. त्यांनी समाजाच्या मंडळाला बैठकीला बोलावलं. मंडळाचा अध्यक्ष आक्काचा थोरला भाऊ. आयुष्यभर शहरात बस चालवून निवृत्त झालेला, सबुरीचा माणूस. समोरचा कितीही आडवा आला तरी हॉर्न न वाजवता थांबायचं, ही त्याची सवय खुर्चीतही सुटली नव्हती.

"तुमच्या समाजाचं पारंपरिक ज्ञान ही फार मोठी संपत्ती आहे," साहेब म्हणाले.

"कालपर्यंत गुन्हा होता," आक्का म्हणाली. "ज्ञान कधी झालं? मधे कुठे शिकवणीला गेलं होतं का?"

भावाने टेबलाखालून तिच्या पावलावर पाऊल दाबलं.

"पाय काढ, दादा. तो ब्रेक नाहीये."

साहेब हसले. त्या हसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण करार झाला. जळालेला उतार सांभाळायला मंडळाच्या ताब्यात द्यायचा. काही काळाने खातं पाहणी करणार, आणि समाधान झालं तर उतार कायमचा या लोकांच्या हाती येणार, थंडीतल्या आगीच्या हक्कासकट. हे शेवटचे शब्द आक्काने साहेबांकडून पुन्हा एकदा वदवून घेतले. आईच्या पिढीने ज्यासाठी दंड भोगला, ते सरकारी तोंडातून एवढ्या सहज बाहेर पडलं होतं.

ताबा मिळताच तिने रान मिटवलं. त्यांच्यात ही जुनी रीत होती: जाळलेल्या तुकड्यावर माणसाचं पाऊल पडू द्यायचं नाही. राखेखाली मातीची पातळ खपली धरते, तिच्या आत बी जागं होत असतं. पाय पडला की खपली फुटते, पाणी माती घेऊन जातं आणि बी उघडं पडतं. म्हणून पायवाटेच्या तोंडाशी, दोन दगडांमध्ये, सालीचा पिळलेला दोर बांधायचा. ज्याने दोर बांधला त्यानेच तो सोडायचा, का सोडतोय ते मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांत आधी स्वतः पाऊल टाकायचं. पुढे काही बिघडलं तर जाब त्याला. राखेतून वर येणारे नेचे गुडघ्याला लागले की रान उघडायची वेळ झाली, असं मानत. आईच्या काळात असे तुकडे अंगणाएवढे असत आणि ऋतू पालटता पालटता उघडत. आक्काने आख्खा उतार मिटवला. एवढं मोठं रान आजवर कुणी मिटवलं नव्हतं, आणि याचा तिला अभिमान होता.

एकच गोष्ट त्याआधी घडून गेली होती. ताबा देण्यापूर्वी, माती वाहून जाऊ नये म्हणून, खात्याने हेलिकॉप्टरमधून पेंढ्याचे गठ्ठे उतारावर उधळले होते. त्या आवाजाने रुग्णालयातली तान्ही बाळं घाबरली, म्हणून आक्काने वनखात्याच्या दारात जाऊन तमाशा केला होता. आवाजाबद्दल ती पुष्कळ बोलली. पेंढा कुठून आणला, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नाही.

दादा वृक्षारोपणाची बातमी घेऊन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, म्हणजे हातात सुरी होती, आणि दादाने ते दारातूनच पाहून घेतलं.

"एक मोठी कंपनी आहे," तो स्टूल ओढून जरा लांबच बसला. "त्यांची माणसं एका दिवसात हजारो रोपं लावणार आहेत. साहेबांची फार इच्छा आहे. कंपनी खूश झाली तर कायमच्या ताब्यावरची सही लवकर होईल म्हणाले."

"रोपं कसली?"

"रोपं... रोपांसारखी रोपं. हिरवी."

"दादा, बस कसली, तर बससारखी बस, चाकं असलेली, असं म्हणून कुणी किल्ली हातात दिली असती तर तू चालवली असतीस?"

"चालवली असती," दादा म्हणाला. "आपल्याला निवड कधी होती? बाई, मी भांडायला नाही आलो. फक्त खालचा पट्टा उघड. सकाळी येतील, टोप्या घालतील, खड्डे करतील, फोटो काढतील, जातील."

"रान काय पाकीट आहे, कडेने फाडायला? नेचे अजून घोट्यालासुद्धा लागले नाहीत."

"तुझ्या नेच्यांपायी सही गेली तर?"

"माझे नेचे? तुझ्या बापाचे नाहीत?"

"बाप दोघांचा एकच होता," दादा उठत म्हणाला, "पण जीभ त्याने सगळी तुलाच दिली."

कार्यक्रमाच्या दिवशी आक्का लाँड्रीतून तशीच, ओल्या एप्रनमध्ये, पायवाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. एकसारखे शर्ट घातलेली तरुण मंडळी बसमधून उतरली. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत काहीतरी चांगलं करायला आल्याची चमक होती, आणि म्हणूनच आक्काचा राग त्यांच्यावर न पडता त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, साहेबांच्या मांडवावर आणि त्यात बसलेल्या स्वतःच्या भावावर जाऊन कोसळला. ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही.

"इथलं रान मिटलेलं आहे! झाड लावायची हौस असेल त्याने आपल्या दारात लावावं आणि रोज पाणी घालावं. आणि आमचे अध्यक्ष बसलेत ना तिथे, ते माझे भाऊ. बस चालवत होते तेव्हा थांबा सोडून कुठे थांबत नसत. आता साहेबांनी बोट जरी हलवलं तरी उभे राहतात!"

लोक हसले. हसणाऱ्यांत त्यांचे स्वतःचे शेजारीही होते. दादा खाली बघत राहिला. त्याचे कान लाल झालेले तिला इतक्या लांबूनही दिसले. साहेबांनी, नेहमीप्रमाणे न रागावता, रोपं रस्त्याच्या कडेच्या ओसाड पट्टीत लावायला सांगितली. आक्का जिंकली. पुढचे कित्येक दिवस खोल्यांच्या ओळीतून जाताना बायका तिला थांबवून शाबासकी देत होत्या. भावाने बोलणं टाकलं, त्याचं दुःख तिने शाबासकीखाली झाकून ठेवलं.

याच दिवसांत भाची आली. दादाची मुलगी, झाडांचं शिक्षण घेऊन वनखात्यातच नोकरीला लागलेली, आणि त्या एका गोष्टीसाठी आत्याने तिला पुरतं माफ केलं नव्हतं. तिने फोनवर ड्रोनने काढलेलं चित्र दाखवलं. करड्या उतारावर वरून खाली फिकट हिरवे पट्टे उमटले होते.

"हिरवं आलंय," आक्का म्हणाली. "मग? रडायचं का?"

"आत्या, हे आपलं हिरवं नाही. जिथे जिथे पेंढा पडला तिथेच आहे, बघ, सरळ पट्ट्यात. पेंढ्यातून बी आलंय. हे गवत लवकर वाढतं, लवकर वाळतं आणि वाळलं की नुसता कागद. पुढच्या उन्हाळ्यात ठिणगी पडली तर आता उगवलेलं सगळं जाईल, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा."

"वरून फोटो काढून गवत ओळखता येतं?"

"नाही येत. म्हणून म्हणते, वर जाऊन बघू या. रान तू मिटवलंयस, तू उघड."

"बापाला जमलं नाही, म्हणून खात्याने आता लेकीला पाठवलं?"

"आत्या, मी तुझ्याच मांडीवर बसून गवतं शिकले. आणि तू मला खात्याची म्हणतेस." तिने फोन पर्समध्ये टाकला आणि चहाचा भरलेला कप तसाच ठेवून निघून गेली.

आक्काचं डोकं दुसऱ्या दिवशीही तापलेलंच होतं. चादर ताणताना तिने ती इस्त्रीवालीच्या हातातून ओढून घेतली.

"चादरीने काय केलंय?" इस्त्रीवालीने विचारलं. सगळी हकिकत ऐकून ती म्हणाली, "मग जाऊन बघत का नाहीस?"

"मिटलेल्या रानात जायचं नसतं."

"बंद कपाटात उंदीर शिरला असेल तर कपाट उघडत नाहीस का?"

"कपाट आणि रान एक नव्हे," आक्का तडकली. पण दिवसभर तिच्याने दुसरं काही बोलवलं नाही आणि इस्त्रीवालीने मुकाट्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

अखेर तिचं डोकं ताळ्यावर आणलं ते कुत्र्याने. दारातला तांबडा कुत्रा कुणाचा नियम पाळणारा नव्हता. दोराखालून सरपटत तो रोज उतारावर हिंडून येई. एका सकाळी तो लंगडत आला आणि पायरीवर बसून पंजा चाटू लागला. आक्काने त्याचं डोकं गुडघ्यांत धरलं, बोटं फाकवली. सुजलेल्या कातडीत लांब, दातेरी कुसळं रुतली होती. एक उपटलं, टोकाला दाणा होता, अजून हिरवट. कानात, पोटाखालच्या केसांत, सगळीकडे तेच. ती एकेक कुसळ काढून पायरीवर मांडत गेली. उतारावरचं प्रत्येक गवत तिला आईच्या हातून माहीत होतं. हे तिला माहीत नव्हतं.

भाचीला तिने फोन केला आणि माफीबिफी काही न मागता म्हणाली, "बूट घालून ये."

दोर न सोडता, त्याच्यावरून पाय टाकून ती मिटलेल्या रानात शिरली, आणि हे तिने आयुष्यात प्रथमच केलं. खपली पावलाखाली पापडासारखी मोडत होती, तो आवाज तिला दातांत जाणवत होता. खाली सगळं तिच्या मनासारखं होतं: काळ्या खोडांच्या बुंध्याशी लालसर धुमारे, दगडांच्या सावलीत नेच्यांच्या गुंडाळ्या, एका पोकळ खोडातून मान बाहेर काढून बघणारं घुबड. मग पहिला पट्टा लागला. गवत कमरेला लागत होतं, दाट, एकजात, वाऱ्यावर चमकणारं. तिने ते दोन्ही हातांनी फाकवलं. तळाशी कुजका पेंढा होता आणि त्याखेरीज काहीही नव्हतं. ना धुमारा, ना नेचा, ना मुंगी.

"कधी आलं असेल?" तिने विचारलं.

"पहिल्या पावसापासून असणार. सुरुवातीला आलो असतो तर ओंजळीएवढंच सापडलं असतं." भाचीने हे तिला दुखवायला म्हटलं नव्हतं. "आत्या, दाणा अजून पक्का नाही. गळायच्या आत उपटून पोत्यात भरून खाली नेलं, तर निदान यंदाचं बी थांबेल. पण आत्ताच. थोडे दिवस गेले की नुसतं हात लावला तरी झडेल."

आक्का तिथेच खाली बसली. पेंढा टाकणाऱ्या खात्याचा तिला संताप आला, पण तो राग ओळखीचा होता, रोजच्या वापरातला. त्याच्याखाली दुसरा एक राग होता आणि त्याला धरायला जागा सापडेना. आईची रीत अंगणाएवढ्या तुकड्यांची होती. त्यांच्या कडेला उभं राहिलं की पलीकडचं टोक दिसे, न शिरताही रान डोळ्यांखाली असे. तिने एवढं मोठं रान मिटवलं की ते मिटवणं म्हणजे पाठ फिरवणंच झालं. नियम पाळायच्या भरात तिने राखण सोडली होती. ही चूक खात्याच्या हातून होऊच शकली नसती. ती करायला तिच्याच लोकांपैकी कुणीतरी लागणार होतं.

ती सरळ भावाच्या दारात गेली. दादाने ऐकून घेतलं.

"पाहणी पुढच्या महिन्यात आहे," तो म्हणाला. "साहेब पायथ्यापर्यंतच येतात, गुडघे दुखतात त्यांचे. सही होईपर्यंत गप्प राहा. मग उपट हवं तेवढं."

"बाबा, तोवर दाणा गळेल," भाची म्हणाली.

"आणि आता सांगितलं तर म्हणतील, यांना सांभाळता आलं नाही. आईच्या वेळेपासून ज्याची वाट बघतोय ते जाईल. मांडवात सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केलास तो गिळला मी, बाई. हे नाही गिळता येणार."

"पाणउतारा केला ते चुकलं माझं," आक्का म्हणाली. दादाने चमकून वर पाहिलं; हे शब्द त्या तोंडातून कधी निघालेले त्याने ऐकले नव्हते. "पण गप्प राहून मिळालेला डोंगर आपल्या हातात येईपर्यंत गवताचा झालेला असेल. आपण आपल्या हाताने उपटलं आणि त्यांना कळलं, तर म्हणतील लपवत होते. मी सांगणार."

साहेबांच्या खोलीत गारवा होता आणि टेबलावर काचेखाली डोंगराचा वणव्याआधीचा फोटो होता. आक्काने त्याच काचेवर मातीसकट उपटलेल्या गवताची जुडी ठेवली.

"हे तुमच्या पेंढ्यातून आलं. वेळेवर बघायला गेले नाही ती मी. दोन्ही गोष्टी सांगायला आलेय. उद्यापासून उपटायला घेतो."

साहेबांनी जुडीखालून आपले कागद अलगद काढून घेतले. "पेंढा प्रमाणित होता, आक्का. पण तपासून पाहू. समिती नेमू. गरज वाटली तर हवेतून फवारणीचा पर्याय आहे."

"विष मारणार? नेचे, धुमारे, सगळं मरेल."

"म्हणूनच तर समिती. तिचा अहवाल येईपर्यंत उतारावर कुणीही जायचं नाही. तुमचाच नियम आहे ना?" ते मृदूपणे म्हणाले. "रान मिटलेलं आहे. आम्ही त्या परंपरेचा पूर्ण आदर करतो. कुणी गेलं, तर मात्र तो कराराचा भंग ठरेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रीतीला त्यांनी अडाणीपणा म्हटलं, तीच त्यांनी आता नीट घडी करून, आदराच्या वेष्टनात, तिच्या तोंडावर बांधली होती. ओरडायला तिने तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की या खोलीत ओरडण्याचा काही उपयोग नाही. इथे आवाज गालिच्यात मुरतो. ती जुडी तिथेच सोडून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायवाटेच्या तोंडाशी फार माणसं नव्हती. करार धोक्यात आहे हे खोल्यांच्या ओळीत पसरलं होतं, आणि कालपर्यंत शाबासकी देणाऱ्या बायकांपैकी काहींनी तिला येताना पाहून दार लावून घेतलं होतं. भाची होती, नोकरीवर रजा न टाकताच आलेली. लाँड्रीतल्या काहीजणी होत्या. इस्त्रीवालीने रुग्णालयाच्या फाटक्या चादरींची पोती शिवून आणली होती. आणि दोराच्या अलीकडे, दगडावर, दादा बसला होता.

"अडवायला बसलायस?"

"करार गेला तर?" दादाने विचारलं.

"करार गेला तर परत भांडू. भांडायला डोंगर तरी राहील."

"तुझं काय, तुला भांडायला भिंतही चालते." त्याने तिच्याकडे न बघता गुडघ्यावर हात टेकले. "मी वर येणार नाही. अध्यक्ष आहे, माझं पाऊल पडलं की मंडळाचं पडलं. इथेच बसतो. जीप आली की माझ्याशी बोलतील. तू बोललीस तर संध्याकाळपर्यंत तुरुंगात डबा पोचवायला लागेल मला."

आक्काने दोराची गाठ सोडली. ती उन्हापावसाने आवळली होती, नखांनी उकलावी लागली. मग रीतीप्रमाणे तिने मोठ्याने सांगितलं, आणि तिचं मोठ्याने म्हणजे खालच्या रस्त्यापर्यंत पोचणारं: "हे रान मी मिटवलं. मिटवून बघायला आले नाही. आत परकं गवत माजलंय, म्हणून वेळेच्या आधी उघडतेय. जाब मला विचारा."

ती पुढे झाली. मागच्यांना तिने बजावलं, माझ्या पावलावर पाऊल टाका, खपली जितकी कमी मोडेल तितकं बरं. पहिल्या पट्ट्यात त्या वाकल्या. मुळाजवळ धरायचं, न झटकता उपटायचं, कणीस आत दुमडून पोत्यात घालायचं. इस्त्रीवालीने पहिलीच जुडी सवयीने चादरीसारखी झटकली आणि आक्काने तिला अशी शिवी हासडली की वरच्या खोडातलं घुबड उडालं.

दुपारी खाली जीप थांबल्याचा आवाज आला. दारं आपटली. दादाचा आवाज संथपणे काहीतरी सांगत राहिला, दुसरा आवाज वाढत गेला, मग दादाचाही वाढला, आणि आक्का वाकल्या जागीच थबकली, कारण भावाचा चढा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. शब्द कळत नव्हते. ती वळली नाही. पुढची मूठ धरली, उपटली.

करार त्याच आठवड्यात स्थगित झाला. भाचीची बदली दूरच्या कार्यालयात झाली; ती सुट्टीच्या दिवशी बस बदलून येते. पेंढा कुठून आला याची चौकशी अजून चालू आहे, म्हणजे कुणी करत नाही. खालचे पट्टे दाणा गळायच्या आत रिकामे झाले, वरचे कड्याजवळचे राहिले, आणि पुढच्या पावसात तिथून बी खाली उतरलं. फवारणी झाली नाही, कारण वर सतत माणसं असतात आणि माणसांवर विष टाकायची परवानगी देणारी समिती अजून नेमली गेलेली नाही, असं आक्का म्हणते. दार लावून घेणाऱ्यांपैकीही काहीजणी आता पोती घेऊन येतात. त्यांना ती आधी ऐकवते, मग जागा दाखवते.

सुट्टीच्या सकाळी ती वर जाते. ताब्याचा कागद नाही, आगीचा हक्क नाही; ज्या पट्ट्याला घोट्याएवढ्या आगीने पुरतं स्वच्छ केलं असतं, तो ती मुठीमुठीने उपटते, आणि प्रत्येक मुठीला तिच्या मनात एक नवा माणूस असतो. उपटलेल्या जागी यंदा नेचे आले आहेत. इस्त्रीवाली म्हणाली, आता तरी जरा शांत हो, बघ किती छान आलेत. आक्काने कंबर धरून सरळ होत कड्याकडे, तिथल्या चमकत्या गवताकडे पाहिलं.

"छान काय, अजून तेवढं बाकी आहे," ती म्हणाली. "बोलत काय बसलीस? पोतं धर."